खरखर ऐकून दुरुस्ती: सीमाभागातल्या नव्या श्रोत्यासाठी एफएम आणि कॅसेट

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीत नव्याने रेडिओच्या आणि गाण्याच्या नादाला लागलेला माणूस आवाजाबद्दल तक्रार करतो तेव्हा बहुधा एकच शब्द वापरतो, आणि तो म्हणजे खरखर. दुकानदारही तेवढाच शब्द ऐकून मोठा स्पीकर पुढे करतो. वास्तविक खरखरीचे चार-पाच वेगळे प्रकार आहेत, प्रत्येकाचे मूळ वेगळ्या जागी असते, आणि स्पीकर बदलल्याने जाणारा प्रकार त्यांत क्वचितच सापडतो. चांगला स्पीकर खरखरही अधिक स्वच्छ ऐकवतो, इतकेच. म्हणून पुढच्या पायऱ्या लहरी जिथून येतात तिथून सुरू होतात आणि शेवटी खोलीपर्यंत पोहोचतात; हा क्रम उलटा करू नये, कारण अलीकडे केलेला खर्च पलीकडचा दोष झाकत नाही.

पहिली पायरी: आपण कुठे राहतो ते नकाशावर पाहावे

एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ इतका आहे. या लहरी जवळजवळ दृष्टीच्या रेषेत जातात. मध्यम लहरींप्रमाणे त्या जमिनीला धरून लांबवर सरकत नाहीत आणि रात्री आकाशातून परावर्तित होऊनही येत नाहीत. त्यांचे क्षितिज काढण्याचा एक सोपा हिशेब आहे. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणावे, म्हणजे किलोमीटर मिळतात. आपल्या अँटेनाच्या उंचीचाही तसाच हिशेब करून दोन्ही आकड्यांची बेरीज करावी. मनोरा १०० मीटरचा आणि आपली तार गच्चीवर ९ मीटरवर असेल तर ४१ आणि १२ मिळून सुमारे ५३ किलोमीटर होतात. अर्थात ही सपाट प्रदेशाची गोष्ट झाली. दोन्ही टोकांची जमीन उंच असेल तर अंतर वाढते, आणि मध्ये डोंगर आला तर हिशेब तिथेच संपतो.

आता आपला भाग पाहू. कोल्हापूरपासून निपाणी सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत आहे, चिकोडी पन्नासच्या आसपास, आणि बेळगाव शहर शंभराच्या घरात. धारवाड बेळगावच्या आग्नेयेला सत्तरेक किलोमीटरवर आहे. पणजीही अंतराने ऐंशीच्या आसपासच आहे, पण मध्ये सह्याद्री उभा आहे आणि पणजी त्याच्या पायथ्यापलीकडे समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे तेवढ्याच अंतरावरच्या धारवाडशी तिची तुलना करता येत नाही. यातून निष्कर्ष सरळ निघतो. निपाणीकराला आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर किंवा कोल्हापूरचे खाजगी मराठी केंद्र ९४.३ वर नीट लागत नसेल तर दोष बहुधा घरात आहे. तेच केंद्र बेळगावच्या टिळकवाडीत तळमजल्यावर लागत नसेल तर दोष कोणाचाच नाही, तिथे उंचीच लागेल. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे आणि कोल्हापूर त्याहून बरेच खाली, ही गोष्ट बेळगावकराच्या पथ्यावर पडते.

ज्याला मोटार चालवता येते त्याने ही पायरी पुस्तकात न शिकता राष्ट्रीय महामार्ग ४८ वर शिकावी. बेळगावातून निघताना कोल्हापूरचे एखादे केंद्र लावून ठेवावे आणि काकती, हत्तरगी, संकेश्वर, तवंदी घाट असा उत्तरेकडे प्रवास करताना आवाज कुठे उगवतो, कुठे बुडतो आणि कुठे कायमचा स्थिरावतो याकडे लक्ष द्यावे. चढावर येणारा आणि खोलगट जागेत तुटणारा तो आवाज एकदा ऐकला की आपल्या घराच्या गच्चीवर चढण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी पायरी: खरखरीचा प्रकार ओळखावा

दहा मिनिटे शांत बसावे, बोलण्याचा कार्यक्रम लावावा (गाण्यात दोष लपतात, बोलण्यात लपत नाहीत) आणि नेमके काय बिघडते ते ऐकावे.

पावसाची संततधार पडावी तसा एकसारखा ‘श्श्श’ असा आवाज मागे असेल, तर लहर क्षीण आहे. उपाय अँटेनाचा.

निवेदकाने ‘स’, ‘श’, ‘च’ उच्चारला की तेवढ्यापुरताच आवाज फाटत असेल आणि एरवी ठीक असेल, तर लहर क्षीण नाही; ती दोन-तीन वाटांनी येते आहे. एक सरळ, दुसरी टेकडीवर किंवा शेजारच्या इमारतीवर आदळून किंचित उशिरा. दोन्ही एकमेकींना छेदतात आणि आवाज फुटतो. नवखा माणूस इथे हमखास चुकतो, कारण सेटवरचा लहरीचा काटा भरभक्कम शक्ती दाखवत असतो आणि तरी ऐकवत नाही. अशा वेळी अँटेना अधिक उंच करण्यापेक्षा दोन-तीन फूट बाजूला सरकवणे किंवा तिची दिशा बदलणे जास्त उपयोगी पडते. लहरीची लांबी सुमारे तीन मीटर असल्यामुळे एवढ्याशा सरकण्यानेही चित्र पालटते.

गुणगुण किंवा चरचर, जी एखादा दिवा लावला की येते आणि मालवला की जाते, ती घरातलीच आहे. आणि एका केंद्रावर दुसऱ्याच केंद्राचे गाणे मिसळत असेल तर एक शक्यता अशी की आपण एखाद्या मनोऱ्याच्या फारच जवळ आहोत आणि रेडिओचा लहर घेणारा भाग तिच्या जोराने भारावून गेला आहे. तिथे अँटेनाची दांडी आत ढकलून लहान करावी, लांब करू नये.

सीमाभागाचा म्हणून एक खास प्रकार आहे, तोही इथेच सांगतो. एकच आकडा वेगवेगळ्या शहरांना दिलेला असतो, ९८.३ वर कोल्हापुरातही केंद्र आहे आणि पणजीतही. एफएमचा स्वभाव असा की एका आकड्यावरच्या दोन लहरींपैकी जी थोडी बलवान असेल तीच संपूर्ण ताबा घेते आणि दुसरी जवळपास नाहीशी होते. त्यामुळे दोहोंच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात गाडी वळणावर वळली की निवेदक अर्ध्या वाक्यात बदलू शकतो. हा रेडिओचा बिघाड नव्हे, आणि त्यावर घरात करण्यासारखा उपाय म्हणजे केवळ दिशा धरणारी अँटेना. थंडीतल्या पहाटे हवेचा गार थर खाली आणि उबदार थर वर असला की लहरी वाकून एरवीपेक्षा फार लांब जातात आणि कधी न ऐकलेले केंद्र सूर्योदयापर्यंत स्पष्ट लागते. त्याच्या भरवशावर सेट विकत घेऊ नये.

तिसरी पायरी: घरातला गोंगाट बंद करावा

या पायरीला एक पैसाही लागत नाही, आणि तरीही ती कोणी करत नाही. मी स्वतः एका जुन्या सेटसाठी दोनदा दुरुस्तीवाल्याकडे खेटे घातले, आणि शेवटी दोष निघाला देवघरातल्या स्वस्त एलईडी दिव्याचा. अशा दिव्यांच्या आत विजेचा दाब बदलणारे छोटे सर्किट असते. ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि गाळणी नीट नसेल तर तारांमधून लहरी फेकते. मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर ही सारी त्याच घराण्यातली मंडळी आहेत.

पारख अशी करावी. रेडिओला सेल घालावेत, वडगाव-शहापुरासारख्या यंत्रमागाच्या वस्तीत राहत असल्यास माग बंद असतानाची वेळ निवडावी, आणि घराचा मुख्य स्विच खाली करावा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे. मग एकेक वस्तू चालू करत जावे. थांबली नाही तर पुढच्या पायरीकडे वळावे. खेडेगावात वीज जातेच, तेव्हा भारनियमनाचा तेवढा सदुपयोग करून घ्यावा.

घराचे बांधकामही पाहावे. जांभ्या दगडाच्या भिंती आणि वर मंगळुरी कौले असलेल्या खानापूरकडच्या घरात एफएम आत शिरते. पत्र्याचे छप्पर आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब मात्र तिला अडवतात, आणि अशा घरात रेडिओ खिडकीत ठेवणे हा अर्धा उपाय असतो.

चौथी पायरी: अँटेना

पाच-पंचवीस हजारांच्या सेटमध्ये जो फरक नाही तो दीड मीटर तारेत आहे, असे मी अनुभवाने म्हणतो. खिशातल्या रेडिओची दांडी पूर्ण उघडल्यावर सुमारे ७५ सेंटीमीटर भरली तर ती एफएमसाठी योग्य लांबीची आहे, कारण तीन मीटर लहरीचा तो चौथा हिस्सा होतो. मोबाइलमध्ये रेडिओची सोय असेल तर तिथे इअरफोनची तारच अँटेना असते. म्हणून बिनतारी इअरफोनवर तो चालत नाही आणि तार गुंडाळून खिशात कोंबली की आवाज बसतो.

घरी करण्याजोगी सर्वांत भरवशाची अँटेना म्हणजे दोन हातांची. आपल्याला हवे असलेले केंद्र ज्या आकड्यावर आहे त्याने ७१२५ ला भागावे. येणारे उत्तर एका हाताची सेंटीमीटरमधली लांबी. ९८ साठी ते सुमारे ७३ येते, १०२.७ साठी ६९ च्या थोडे वर. नेमके एकच केंद्र ऐकायचे नसेल तर ७३ वर थांबावे, सगळा पट्टा चालतो. घरातल्या वायरिंगची जाड तांब्याची तार घेऊन असे दोन हात एका सुक्या लाकडी पट्टीवर किंवा पीव्हीसी नळीवर एका ओळीत बसवावेत, मध्ये दोन सेंटीमीटर फट ठेवावी, आणि डिश टीव्हीला वापरतात ती गोल केबल घेऊन तिची आतली तार एका हाताला व बाहेरची जाळी दुसऱ्या हाताला घट्ट जोडावी. जोडावर पावसाचे पाणी जाणार नाही असे टेप आणि मेण लावावे; बेळगावच्या पावसात नुसता टेप एक हंगामही टिकत नाही. केबलचे दुसरे टोक म्युझिक सिस्टीमच्या अँटेनाच्या खाचेत जाते. खिशातल्या रेडिओला खाच नसल्यास आतली तार चिमट्याने दांडीला लावावी. फायदा थोडा कमी होतो, पण होतो.

दिशेचा नियम असा की ही अँटेना तिच्या हातांच्या समोर आणि मागे, दोन्हीकडे ऐकते, टोकांकडे बहिरी असते. बेळगावाहून कोल्हापूर उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला झुकलेले आहे. तेव्हा हात साधारण पूर्व-पश्चिम पसरावेत. सुदैवाने त्याच मांडणीत आग्नेयेचे धारवाडही बऱ्यापैकी पदरात पडते. हात आडवे ठेवून समाधान झाले नाही तर उभे करून पाहावे, कारण अनेक एफएम मनोरे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही प्रकारांनी लहरी सोडतात आणि आपल्या गच्चीवर कोणती अधिक शाबूत पोहोचते ते ऐकूनच कळते. उंचीचा लाभ वर्गमूळाने वाढतो हे लक्षात ठेवावे. जमिनीपासून ३ मीटरवर असलेली तार १२ मीटरवर नेली की आपल्या बाजूचे क्षितिज ७ किलोमीटरवरून १४ वर जाते. त्यापुढे प्रत्येक मीटर महाग आणि धोक्याचा होत जातो.

जुन्या वाड्यांवर दूरदर्शनच्या काळातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या अँटेना अजून गंजत उभ्या आहेत. त्या एफएमसाठी बनलेल्या नव्हत्या; त्यांचे पट्टे एफएमच्या एक खाली आणि एक वर होते. तरीही उंच आणि मोकळ्यावर असल्यामुळे त्या काही वेळा खोलीतल्या दांडीपेक्षा सरस ठरतात, तेव्हा मोडीत देण्याआधी एकदा केबल जोडून पाहावी.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळिवाचे ढग दिसू लागले की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर टाकावी. घरात शिरलेली वीज अँटेनाच्या खाचेतून सेटमध्ये आणि सेटमधून माणसापर्यंत जाते. या कामात आळस करू नये.

पाचवी पायरी: स्टिरिओ बंद करून पाहावे

लांबच्या केंद्रावर सौम्य ‘श्श्श’ उरली असेल तर सेटवरचे बटण मोनोवर आणावे. खरखर झटक्यात खाली बसते. कारण ऐकण्यासारखे आहे. एफएम केंद्र डाव्या आणि उजव्या आवाजाची बेरीज नेहमीसारखी पाठवते आणि त्यांच्यातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या एका उपलहरीवर वेगळा चढवते. १९ किलोहर्ट्झची एक खूण सेटला सांगते की तो फरक उलगडायचा आहे. एफएममध्ये गोंगाट वरच्या कंपनांकडे वाढत जातो, त्यामुळे उपलहरीवरचा माल जास्त मळलेला पोहोचतो, आणि क्षीण लहरीवर स्टिरिओचा गोंगाट मोनोपेक्षा २० डेसिबलपर्यंत अधिक असू शकतो. बातम्या, कीर्तन, भाषण यांत स्टिरिओने काही मिळत नाही.

एफएमवर सुमारे १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो. मध्यम लहरींवर केंद्रांमध्ये फक्त ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात, म्हणून तिथला आवाज बोथट वाटतो. पण धारवाडचे ७६५ किलोहर्ट्झ दिवसा डोंगराआडही पोहोचते, ते जमिनीला धरून येणाऱ्या लहरीमुळे. त्यासाठी दांडी लांब करण्यात अर्थ नाही. मध्यम लहरींसाठी सेटच्या आतली फेराइटची कांडीच अँटेना असते, म्हणून अख्खा सेटच जागेवर फिरवावा. ज्याला यातले काहीच जमत नाही त्याने आकाशवाणीच्या अ‍ॅपवर केंद्र लावावे. त्यात खरखर नसते, आवाज मात्र दाबून बारीक केलेला असतो.

सहावी पायरी: कॅसेट

रेडिओचा दोष हवेत किंवा घरात असतो, कॅसेटचा दोष बहुधा ती वाजवणाऱ्या यंत्रात असतो. जून ते सप्टेंबरच्या ओलीत कपाटात पडलेल्या कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती आधी मुळीच वाजवू नये, कारण ती हेडला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या यंत्रातल्या भागाला) चिकटून पुढच्या दहा कॅसेटी खराब करते. कोरड्या दिवसांत कॅसेट उघडून फितीच्या कडा मऊ ब्रशने झाडाव्यात. निरोगी कॅसेटही बरीच वर्षे पडून असल्यास आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी.

नंतर हेड पुसावे. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घेऊन हेड, त्याशेजारची बारीक दांडी आणि रबरी चाक तपकिरी डाग निघेपर्यंत पुसावे. एवढ्यानेच बुजलेला आवाज अनेकदा उघडतो.

तरीही तार सप्तकातले स्वर झाकल्यासारखे वाटत असतील तर हेडचा कोन चुकला आहे. हेडच्या बाजूला स्प्रिंग लावलेला एक स्क्रू असतो. तो आधी कुठे होता याची पेनने खूण करावी, मग गाणे चालू ठेवून अगदी हळू, पाव वळणाच्या आत, दोन्हीकडे फिरवावा. तबल्याच्या चाटीवरची धार आणि निवेदकाचा ‘स’ सर्वांत स्पष्ट होईल तिथे थांबावे. ज्या यंत्रावर मैफल ध्वनिमुद्रित केली त्याच्या कोनाशी आपला कोन जुळवणे हे इथले खरे काम आहे, म्हणून घरगुती कॅसेटला वेगळा आणि बाजारातल्या कॅसेटला वेगळा कोन लागू शकतो.

वेगाची परीक्षा पेटीवर (हार्मोनियमवर) करावी. फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकली पाहिजे. रबरी पट्टा सैल झाला की ती मागे पडते, आणि वेग सुमारे ६ टक्के कमी झाला की स्वर नेमका अर्धा स्वर उतरतो, म्हणजे काळी एकमध्ये गाणारा कलाकार पांढरी एकमध्ये गातोय असे वाटते. वेग सतत डगमगत असेल तर तो तानपुऱ्यावर सर्वांत आधी कळतो. तबला आणि गळा दोष पोटात घालतात, तानपुऱ्याची जवारी घालत नाही. या भागात किराणा आणि जयपूर घराण्याचे गाणे घरोघरी ऐकले गेले, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले, तेव्हा पारखायला तानपुऱ्याची कॅसेट शोधावी लागेल असे वाटत नाही.

सातवी पायरी: संगणकावर उतरवणे

हे काम स्पीकरसमोर मोबाइल धरून करू नये. टेपच्या हेडफोनच्या किंवा लाइन आउटच्या खाचेतून संगणकाच्या लाइन इनमध्ये केबल घालावी, ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे, आणि आवाजाचे सर्वोच्च टोक उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. पातळी शून्याला भिडली की आवाज कायमचा फाटतो. कमी राहिली तर नंतर वाढवता येते. साठवणी वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर करावी. मिनिटाला साधारण १० मेगाबाइट लागतात, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला सहाशेच्या थोडे वर. घरच्या मोबाइलसाठी त्यावरून एमपी३ काढावी, पण मूळ पुसू नये. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये १६ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज बहुधा छाटला जातो आणि तानपुऱ्याची झिलई पाण्यात भिजल्यासारखी होते. ३२० वर तो फरक शोधून काढावा लागतो. एमपी३वरून पुन्हा एमपी३ करू नये. ‘श्श्श’ काढणारे फिल्टरही जपून वापरावेत, कारण ते फितीच्या आवाजाबरोबर गायकाचा श्वासही घेऊन जातात.

टेपवरचे डॉल्बीचे (फितीची ‘श्श्श’ कमी करणाऱ्या सोयीचे) बटण कॅसेटवर तसे लिहिले असेल तरच दाबावे.

आठवी पायरी: खोली

एवढे झाल्यावर स्पीकरकडे यावे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण होईल असे बसावे. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात कोंबल्यास खर्ज फुगतो आणि पखवाज घुमत राहतो. शहाबादी फरशी आणि गुळगुळीत भिंतींच्या खोलीत टाळी वाजवून पाहावी. तिचा किणकिणता पडसाद ऐकू आला तर समोरच्या भिंतीवर घोंगडे किंवा वाकळ टांगून, खाली सतरंजी अंथरून पुन्हा टाळी वाजवावी. हे झाल्यावरही मनाजोगते झाले नाही, तरच दुकानाची पायरी चढावी, आणि जाताना आपल्या ओळखीची, दोष माहीत असलेली एक कॅसेट किंवा वेव्ह फाइल सोबत न्यावी, कारण दुकानात लावली जाणारी गाणी त्याच स्पीकरला शोभतील अशीच निवडलेली असतात.